माशांवर कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला तर खरंच त्यांचे डोळे जातात का?

निळाई

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात अबोला सुरू झालाय म्हणून विचारते.

आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे. निऑन टेट्रांचा थवा, दोन एंजल, तळाला कॉरी आणि एक जुना सकर. परवा नणंदेचा मुलगा नवा कॅमेरा घेऊन आला. रात्रीची वेळ, टाकीचा लाइट टायमरने बंद झालेला, हॉलमधले दिवेही त्यानेच घालवले, कारण काचेत स्वतःचं प्रतिबिंब नको होतं. मग काचेला जवळजवळ कॅमेरा टेकवून फाडफाड फ्लॅश मारले. निऑन असे उधळले की विचारू नका. झाकणावर टपटप आवाज आला. एक एंजल हीटरमागे जाऊन बसला. सकर लाकडाखाली शिरला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर आला नाही, आणि सकाळी एका निऑनची शेपटी चिरलेली दिसली.

सासूबाई म्हणतात, "माशाला पापणी नाही, तो डोळा मिटणार कसा? आंधळे केलेत तुम्ही मासे." भाचा म्हणतो, फ्लॅशने काही होत नाही, त्याने कुठेतरी वाचलंय. नणंद गप्प आहे, आणि ती गप्प असली की मला जास्त धास्ती वाटते.

तर, फ्लॅशने डोळ्यांना कायमची इजा होते का? मासे आता खातायत, पण त्यांना नीट दिसत असेल ना? दुसरं, आमच्या हॉलचा लाइट आणि टीव्ही मध्यरात्रीपर्यंत चालू असतो, त्याचा त्रास होतो का? आणि तिसरं, पाणवनस्पतींसाठी नवी एलईडी पट्टी घेतलीय. जुन्या ट्यूबच्या मानाने तिचा उजेड डोळे दिपवणारा आहे. ती लावल्यापासून निऑन एका कोपऱ्यात घोळका करून उभे राहतात.

खवलेदार

फ्लॅश मारूच नका, विषय संपला. सासूबाईंचं बरोबर आहे. मोठ्या मत्स्यालयांत 'फ्लॅश वापरू नये' अशा पाट्या काय शोभेला लावलेल्या असतात? मुका जीव आहे, बोलत नाही म्हणून काहीही करायचं का?

तळाचा गाळ

निळाईताई, सासूबाईंना अर्धे गुण आधीच देऊन टाका. पापणी नाही हे खरं. काही शार्कना डोळ्यावर ओढून घेता येईल असा पडदा असतो, पण तुमच्या टाकीतल्या कुणालाच नाही. खरी मेख मात्र बाहुलीत आहे. आपली बाहुली उजेडात आकसते. बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली उजेड असो वा अंधार, आहे तेवढीच राहते.

मग मासा उजेडाशी जमवून कसा घेतो? डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावरच. अंधूक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी आणि लख्ख उजेडात काम करणाऱ्या शंकूपेशी अक्षरशः आपली जागा बदलतात. उजेड वाढला की काळ्या रंगद्रव्याचे कण पसरतात, दंडपेशी त्यांच्यात बुडून झाकल्या जातात आणि शंकूपेशी पुढे येतात. अंधार झाला की सगळं उलट. या हालचालीला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे गडद अंधारात मुरलेल्या माशावर एकदम झगझगाट झाला तर थोडा वेळ त्याला धड दिसत नाही. त्यात तो घाबरलेला असतो आणि थव्यातले बाकीचे त्याला बघून आणखी घाबरतात. झाकणावरची टपटप ती ही.

आता फ्लॅशचा हिशोब करू, कारण या विषयावर सगळे भांडतात आणि हिशोब कुणी करत नाही. कॅमेऱ्यावर वेगळा बसवायचा बऱ्यापैकी ताकदीचा फ्लॅश घ्या, गाइड नंबर (म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचं माप) ३६ धरा. तो पूर्ण ताकदीने एक मीटरवरून मारला तर समोर साधारण ३,००० लक्स-सेकंद (लक्स हे उजेडाचं माप, त्याला सेकंदांनी गुणायचं) एवढा प्रकाश पडतो. भर दुपारचं ऊन असतं १,००,००० लक्सच्या आसपास. म्हणजे फ्लॅश जेवढा प्रकाश देतो, तेवढा उन्हात सेकंदाच्या तिसाव्या भागात मिळतो. फरक एवढाच की फ्लॅश तो सगळा हजाराव्या भागात ओतून मोकळा होतो, म्हणून दचका जबर बसतो.

अंतर अर्धं झालं की प्रकाश चौपट होतो हे खरं, आणि भाच्याने काचेला टेकवून मारला. मासा दहा सेंटिमीटरवर होता असं धरलं तर कागदावर आकडा शंभरपट होतो, म्हणजे उन्हातले तीन सेकंद. प्रत्यक्षात बराच कमी. इतक्या जवळून हा नियम तंतोतंत लागू पडत नाही, आणि कॅमेरा ऑटोवर असेल तर जवळच्या वस्तूसाठी तो पूर्ण ताकद वापरतही नाही. उथळ पाण्यातल्या माशावर वरून कडक ऊन तासन्‌तास पडतं. तेव्हा एका फ्लॅशने दृष्टिपटल जळून गेलं असं म्हणायला आधार नाही.

माशांचं दृष्टिपटल उजेडाने खराब करता येतं का? येतं. प्रयोगशाळांमध्ये झेब्राफिशवर हे मुद्दाम केलं जातं. त्यासाठी काय काय करावं लागतं ते बघा. बहुधा रंगद्रव्य नसलेले पांढरे मासे घेतात, त्यांना आधी काही दिवस अंधारात ठेवतात आणि मग दिवसरात्र प्रखर प्रकाशात ठेवतात, तेही सलग काही दिवस. तेव्हा कुठे पेशी मरतात. आणि त्यानंतर झेब्राफिश त्या पेशी पुन्हा तयार करतो! आपल्या डोळ्याला हे जमत नाही, म्हणूनच तर झेब्राफिशवर एवढं संशोधन चालतं.

खास फ्लॅशवर केलेला अभ्यासही आहे. ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांचं काम २०१९ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्‌स'मध्ये आलं. समुद्राच्या तळाशी एका जागी बसून राहणारे मासे पाणबुड्या फोटोग्राफरांचे लाडके, म्हणून त्यांच्यावरच पाहिलं. फ्लॅश मारला काय किंवा नुसता माणूस जवळ आला काय, वागण्यात ठळक फरक पडला नाही. समुद्रघोड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, त्यातही इजा सापडली नाही. सगळ्यात वाईट परिणाम कशाचा झाला, तर फोटो चांगला यावा म्हणून माशाला हाताने हलवण्याचा.

खवलेदार, पाट्यांचं म्हणाल तर त्या शोभेच्या नाहीत, पण कारण डोळे जाण्याचं नसून बिचकण्याचं आहे. ट्यूनासारखा मासा सतत वेगात पोहत असतो. उजेडात अचानक बदल झाला की तो भिंतीवर आपटतो आणि तसा मरतोही. जपानमध्ये ब्लूफिन ट्यूनाची पिल्लं जाळ्यांत वाढवतात, तिथे पहाटे उजेड बदलताना पिल्लं जाळ्याला धडकून मरायची, कारण डोळे तेवढ्या वेगाने जुळवून घेत नाहीत. त्यावर उपाय म्हणून रात्री दिवे चालू ठेवून पाहिले तर जास्त पिल्लं जगली. शिवाय रोज हजारो माणसं येतात. एक फ्लॅश सोसता येतो, दिवसभर अखंड चमचमाट कशाला सोसायचा? आणि खरं सांगायचं तर जाड काचेवर फ्लॅश मारून फोटोत पांढऱ्या गोळ्याशिवाय काही येत नाही.

आता तुमच्या सकरकडे वळू, कारण तो या सगळ्यात अपवाद आहे आणि मला तो फार आवडतो. मघाशी म्हटलं, बाहुली बदलत नाही, सकरची बदलते. दिवसा त्याच्या डोळ्यात नीट बघा. बुबुळाचा एक तुकडा वरून जिभेसारखा बाहुलीवर उतरलेला दिसेल आणि त्याच्या खालून घोड्याच्या नालाच्या आकाराची काळी फट. रात्री तो तुकडा वर सरकतो आणि बाहुली गोल होते. अंधारात मंद दिव्याने आधी गोल बाहुली बघून ठेवा, मग टाकीचा लाइट लावून काचेसमोर बसा. तुकडा हळूहळू उतरताना दिसतो. हळूहळूच, म्हणजे फ्लॅशच्या वेळी त्याला उपयोग शून्य. सकर रात्री हिंडणारा, त्या वेळी बाहुली सताड उघडी, म्हणून तुमच्या टाकीत सगळ्यात जोरात दचका त्यालाच बसला असणार. दुसऱ्या दुपारपर्यंत लाकडाखाली बसला याचं मला नवल वाटत नाही. बाहेर येऊन काच चाटायला लागला ना? मग ठीक आहे.

मासे दिसत नसल्यासारखे वागतायत का, हे बघायचं असेल तर तरंगणारा एकच दाणा लांबच्या टोकाला टाका. एंजल सरळ त्याच्यावर गेला तर डोळे शाबूत आहेत. सगळ्या टाकीभर खाणं टाकलंत तर वासाने येतायत की बघून, काहीच कळणार नाही.

निळाई

गाळकाका, (काका म्हटलं तर चालेल ना?) दाण्याचा प्रयोग केला. दोन्ही एंजल एकदमच धावले आणि एकमेकांवर आपटले, त्यामुळे दिसतंय हे नक्की. सासूबाईंना सकरच्या डोळ्याचं सांगितलं, त्या काचेसमोर स्टूल टाकून बसल्यात.

शेपटी चिरलेल्या निऑनचं काय करू? आणि अजून एक, रात्री लाइट बंद झाल्यावर निऑनचा निळा पट्टा पार जांभळट, विझल्यासारखा होतो. तो आजारी असल्याचं लक्षण तर नाही?

तळाचा गाळ

काका चालेल, तसंही वय झालंय.

निऑनचा रंग रात्री उतरणं अगदी नेहमीचं. त्या पट्ट्यात निळा रंग नसतोच. अतिशय पातळ चकत्यांचे थर असतात, त्यांच्यावरून प्रकाश परतून निळा-हिरवा दिसतो. अंधारात चकत्यांमधलं अंतर बदलतं आणि पट्टा जांभळ्याकडे झुकतो. सकाळी लाइट लागल्यावर थोड्या वेळात परत येतो. भर दिवसा पट्टा फिका राहिला तर मात्र काळजी करायची.

शेपटीसाठी औषध ओतू नका. पाणी स्वच्छ ठेवा, थोडं थोडं बदला. चिरलेली कड स्वच्छ असेल तर आपोआप भरते. कडेला पांढरा कापूस दिसायला लागला किंवा शेपटी झिजत आत सरकली, तर पुढचं बोलू.

पिल्लूवाली

मी निऑन आणि क्लाउनफिश दोन्हींची पिल्लं काढते, म्हणून थोडी भर घालते. सगळे मोठ्या माशांच्या डोळ्यांबद्दल बोलतायत. उजेडाने खरं नुकसान कुठे होतं, तर अंड्यांचं. निऑनची अंडी उजेडात टिकत नाहीत असा आम्हा पैदास करणाऱ्यांचा सगळ्यांचा अनुभव, म्हणून अंडी घालून झाली की टाकीला काळा कागद गुंडाळतो. ट्राउट, सामन यांच्या उबवणी केंद्रांतही अंडी अंधारात ठेवतात.

क्लाउनफिशचं तर विलक्षण आहे. त्याची अंडी अंधार पडल्यावर फुटतात. २०१९ मध्ये 'बायॉलॉजी लेटर्स'मध्ये एक अभ्यास आला होता. रात्रभर मंद दिवा चालू ठेवला, तर एकही अंडं फुटलं नाही. मंद म्हणजे खोलीतल्या नेहमीच्या उजेडाहूनही कमी. तो दिवा काढल्यावर अंडी फुटली. म्हणजे गर्भ आत तयार होते, फक्त रात्र झालीय हे त्यांना कळत नव्हतं.

त्यामुळे निळाई, तुमच्या तीन प्रश्नांत मला फ्लॅशपेक्षा दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. मध्यरात्रीपर्यंत हॉलचा लाइट. मासेही झोपतात, आणि रात्रीच्या उजेडाने त्यांच्या शरीरातलं मेलाटोनिन (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) कमी होतं, आपल्यासारखंच. टीव्हीची मला फारशी चिंता नाही. छताचा दिवा टाकीवर थेट पडत असेल तर तो आधी बदला.

तळाचा गाळ

पिल्लूवालींना अनुमोदन. हे मी लिहायला हवं होतं, पण सकरच्या नादात राहून गेलं.

दिवा बदलणं जमत नसेल तर टाकीच्या त्या बाजूला जाड कापड सोडा. आठ-दहा तास सलग अंधार मिळाला पाहिजे, तो रात्री दहाला सुरू होतो की बाराला, याने माशाचं काही अडत नाही. वेळ मात्र रोज तीच ठेवा. त्या शंकूपेशी बऱ्याच माशांत उजेड व्हायच्या आधीच हलायला लागतात, शरीरातल्या घड्याळाप्रमाणे. टायमर रोज एकाच वेळी लागला की मासा आतून तयार असतो. मनाला येईल तेव्हा बटण दाबणारे लोक रोज सकाळी छोटा फ्लॅशच मारत असतात.

सकाळी आधी खोलीत उजेड होऊ द्या, पडदे उघडा, अर्ध्या तासाने टाकीचा लाइट. रात्री उलटं, आधी टाकीचा बंद, खोलीचा थोड्या वेळाने. एकदम अंधार करणंही बरं नाही. झेब्राफिशची अगदी लहान पिल्लं अचानक उजेड गेला की सबंध अंग वळवून दिशा बदलतात. संशोधक हे हमखास घडवून आणतात. अंधारही दचकवतो, हे आपल्या लक्षात येत नाही.

नव्या पट्टीचं सोपं आहे. निऑन मूळचे काळ्या, चहाच्या रंगाच्या पाण्यातले, वर झाडांची सावली. त्यांना एकदम झगझगीत मंडपात आणून बसवलंत तर कोपराच धरणार. डिमर असेल तर तिसऱ्या हिश्श्यावर आणा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवा. डिमर नसेल तर पट्टी उचलून वर टांगा. पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पती सोडा, म्हणजे खाली सावलीचे पट्टे पडतील आणि ज्याला जिथे हवं तिथे तो जाईल. आणि आठ तासांपेक्षा जास्त लाइट ठेवू नका. माशांसाठी नव्हे, शेवाळासाठी सांगतोय. वनस्पती जोरात वाढायच्या आत काचा हिरव्या होतील आणि मग तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

खवलेदार

वाचलं. तरी माझं मत तेच. इजा होत नसली तरी घाबरवायचं कशाला? फोटोवाचून काय अडतं?

तळाचा गाळ

घाबरवू नये हे मलाही मान्य. पण मग काचेवर टकटक करणाऱ्यांनाही तेवढंच रागवा. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने जातो, सेकंदाला सुमारे १,४८० मीटर, आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची हालचाल टिपणारी रेषा असते. उडी मारून पळायची जी विजेसारखी प्रतिक्रिया माशात आहे, ती सगळ्यात सहज आवाजाने आणि धक्क्याने सुटते. फ्लॅशवर धागे निघतात, टकटकीवर एकही नाही.

भिंगवाला

निळाई, भाच्याला हे दाखवा. अंधारात अजिबात नाही. टाकीचा लाइट लागून तासभर झालेला हवा. खोलीतले बाकीचे दिवे घालवायला हरकत नाही, काचेतलं प्रतिबिंब त्यानेच जातं, तेवढं त्याचं बरोबर होतं. फ्लॅशशिवाय सुरुवात करायची: आयएसओ १,६०० किंवा ३,२००, शटर १/१६० च्या आसपास, लेन्सला रबरी हूड लावून काचेला टेकवायची. निऑन क्षणभर थांबतात आणि मग सुळकन जातात, तो थांबण्याचा क्षण पकडायचा.

फ्लॅश वापरायचाच असेल तर कॅमेऱ्यावरून काढून टाकीच्या वर ठेवा, खाली तोंड करून. उजेड वरूनच येतो याची माशांना सवय असते, आणि समोरून मारला की खवल्यांवरून तो आरशासारखा परत येऊन माशाचा नुसता पांढरा डाग होतो. ताकद १/१६ किंवा कमी. मात्र काचेचं झाकण पक्कं हवं. फ्लॅशच्या आत सुमारे ३०० व्होल्टचा कपॅसिटर असतो, तो पाण्यात पडला तर डोळ्यांची चर्चा करायला मासे उरणार नाहीत.

रेड-आय (फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून कॅमेऱ्यात असलेली सोय) बंद करायला विसरू नका. ते चालू असलं की खऱ्या फ्लॅशच्या आधी दोन-तीन झगमगाट फुकट होतात, आणि फोटो निघतो तेव्हा समोर मासा नसतोच. फोकस जमावा म्हणून कॅमेरा जो दिवा लावतो तोही बंद.

निळाई

मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढला तर? भाचा आता तेच विचारतोय. म्हणजे बोलायला लागलाय.

भिंगवाला

मोबाइलचा टॉर्च फ्लॅशपेक्षा कितीतरी मंद, पण तो लागलेलाच राहतो आणि हलत राहतो. मासे त्या हलणाऱ्या ठिपक्यापासून पळतात. दिवसा लाइट चालू असताना त्याची गरजच नाही. रात्री सकर बघायचा असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीवर तोंड करून ठेवा, आणि उरलेल्या उजेडात बघा. व्हिडिओ काळपट येईल.

निळाई

काळपट चालेल. सासूबाईंनी बाहुली गोल असल्याचं पाहून घेतलंय, आता त्या सकाळी लाइट लागायची वाट बघतायत.